विशेष : काही नाही

दिनांक ३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तिकडे तुझं आणि मावशीचंही ठीक असेल असं धरून लिहितो.

हे पत्र निळ्या पडद्याच्या खालच्या दुमडीत आहे, डावीकडून तिसऱ्या चुणीखाली. शिवण मुद्दाम सैल घातली आहे, म्हणजे तुला एका हाताने उसवता येईल. मावशीने विचारलं तर पडदा लांब झालाय असं सांग. तो खरंच चार बोटं लांब कापला आहे, त्यामुळे तुला खोटं बोलावं लागणार नाही. गाडीवाले काका परत निघेपर्यंत उत्तर लिहिलंस तर त्यांच्याकडेच दे. ते उघडून बघत नाहीत, मी दोनदा तपासलं आहे.

दुकान चालू आहे. शिलाईवाल्या काकू रोज तुझी आठवण काढतात. काल म्हणाल्या, "तुझी ताई नुसती आत आली तरी दुकान भरल्यासारखं वाटायचं. तू कधी येतोस, कधी जातोस, कळतच नाही रे बाबा." मी तेव्हा त्यांच्या मशीनशेजारी पाऊण तास उभा होतो.

वरच्या खोलीतही तेच. मास्तर शिडी चढून आले की आधी विचारतात, "चावीचा हात कसा आहे?" आणि मग, "झाडू, दिवा लाव." तू चावी, मी झाडू ही नावं त्यांनीच ठेवली आहेत, तक्रार नाही. झाडू लागतोच प्रत्येक घरात.

एक अडचण आहे. त्या दिवशी काय झालं त्याचा वरच्या कचेरीने लेखी जबाब मागितलाय. मास्तर म्हणाले, "ज्याला आपल्यातलं काहीच माहीत नाही अशा माणसालाही कळेल असं लिही." मी जे लिहिलं ते इथे उतरवतो. चूक सापडली तर कळव.

"आम्ही भाऊ-बहीण. बहीण वीस वर्षांची, मला सतरा पूर्ण. माझं शिक्षण आठवीपर्यंत. त्या वर्षी फळ्याला माझा तळहात लागून बाईंनी नुकतंच लिहिलेलं सगळं गणित खडूत परत गेलं, तेव्हापासून मी इथे आहे. पडद्यांची मापं घ्यायच्या निमित्ताने आम्ही निरनिराळ्या कचेऱ्यांत जातो आणि मास्तर सांगतील ते कागद पाहून येतो. बहिणीचा उजवा हात बंद कपाटाच्या पत्र्यातून आरपार जातो. ती कागद काढते, फोटो घेते, परत ठेवते आणि बाहेर येताना माप घ्यायची टेप दाराच्या मुठीला अडकवते. टेप दिसली की मी आत जातो. मी तळहात ठेवलेली वस्तू पंधरा मिनिटांपूर्वी जिथे होती तिथे परत जाते, तिच्यावरची धूळसुद्धा. जागा परत येते, तब्येत येत नाही. पडून फुटलेला कप टेबलावर परत येईल, पण फुटलेलाच. खोलीत कोणी आलं होतं असं वाटू नये, एवढंच माझं काम. म्हणून वहीतल्या 'विशेष' या रकान्यात मी गेली तीन वर्षं 'काही नाही' असं लिहितो.

"कचेरी औषधांच्या साठ्याची. तिथे मुदत संपलेल्या औषधांवर नव्या तारखा चिकटवतात असा संशय होता. १२:२५ ला तिथली माणसं जेवायला गेली. ती एक वाजता परतणार होती. १२:२८ ला बहीण आत गेली. यादी काढून तिने फोटो घेतले. १२:३८ ला तिचा उजवा हात चुकून टेबलावरच्या स्टँप पॅडवर पडला. तिने कोपऱ्यातल्या नळावर शाई धुतली. १२:४० ला यादी परत ठेवायला हात कपाटात घातला. या वेळी हात घातला तिथे पत्रा दुहेरी निघाला आणि हात मनगटापर्यंत अडकला. १२:५३ ला मी आत आलो व तिच्या दंडावर तळहात ठेवला. हे माणसावर चालतं की नाही ते माहीत नव्हतं. हात बाहेर आला, यादी आत राहिली. बोटं बधिर झाली आहेत. विशेष : काही नाही."

मास्तरांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मिनिटं तूच लिहिलीस म्हणजे तपासायला नको."

मागच्या चिठ्ठीत तू डाव्या हाताने लिहिलं होतंस की 'तू धावत आलास म्हणून माझी बोटं शाबूत राहिली.' ती चिठ्ठी माझ्या खिशात आहे. इकडे हवा बरी आहे.

तुझा धाकटा

---

दिनांक १० फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. हे पत्र पिवळ्या पडद्यात आहे, उजवीकडून दुसऱ्या चुणीखाली. आधी मावशीला बाहेर जाऊ दे, मग वाच.

तुझं उत्तर मिळालं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं हलताहेत हे वाचून मी काकूंना सांगायला धावलो. त्यांना शटरखाली हात सापडला एवढंच माहीत आहे. "मुलगी खमकी आहे," म्हणाल्या. तू पुन्हा लिहिलंस की डॉक्टरांच्या मते हात दाबाखाली फार वेळ नव्हता म्हणून निभावलं, आणि ते श्रेय माझं. त्याखाली दोन रेघा मारल्या आहेस.

ताई, त्या रेघा मला बघवत नाहीत.

माझ्या जबाबात एक मिनिट खोटं आहे. एक म्हणजे, एक आकडा. मी १२:५३ ला आलो नाही. १२:४८ ला दारात आलो.

टेप मुठीला लागायला उशीर झाला म्हणून मी बोळातल्या खिडकीचं माप सोडून दारापाशी आलो. दार चार बोटं उघडं होतं. तुझी पाठ माझ्याकडे होती. हात मनगटापर्यंत आत आणि तू एका पायावर जोर देऊन ओढत होतीस. भिंतीवरच्या घड्याळात १२:४८ झाले होते. मला सगळं एका नजरेत कळलं. यादी परत ठेवायची वेळ १२:४० ठरलेली होती, म्हणून हेही कळलं की १२:५५ ला माझा काही उपयोग उरणार नाही, कारण त्यानंतर पंधरा मिनिटांपूर्वीची तुझ्या हाताची जागा म्हणजे कपाटाच्या आतच.

आणि मी उभा राहिलो.

स्वतःला सांगितलं की माणसावर हे चालत नाही. पण ते मी नंतर सांगितलं. आधी जे वाटलं ते वेगळं होतं. मला बरं वाटलं. हे वाक्य मी चार वेळा खोडलं आणि आता लिहिलंच आहे तर राहू देतो. तीन वर्षं तू पुढे जातेस, काम करतेस, मास्तर खाली तुझी वाट बघत उभे असतात, आणि मी वर कुणाच्या तरी टेबलावरची धूळ परत बसवत असतो. मी चांगलं काम केलं की काहीच दिसत नाही. त्या क्षणी वाटलं, बघा, हिचंही अडकतं. एकदा तरी बघा.

पाच मिनिटं. मी घड्याळाकडे बघत होतो, त्यामुळे आकड्यात चूक नाही.

मग आत का आलो, तेही खरं सांगतो. माया दाटून आली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तू ओढणं सोडलंस आणि डावा हात लांबवून टेबल आवरायला लागलीस. तू धक्का दिलेले कागद सारखे केलेस, पेपरवेट उचलून त्यावर ठेवलास. तू माझं काम करत होतीस आणि पेपरवेट उलटा ठेवलास. चपटी बाजू वर. ते मला बघवलं नाही. मी पेपरवेटसाठी आत आलो, ताई. तुझा चेहरा मी त्यानंतर पाहिला. तो पाहिल्यावर मला माझी लाज वाटली आणि हात तुझ्या दंडावर पडला.

पुढचं तुला माहीत आहे. तुझा हात सुटून नेमका १२:३८ च्या जागी, म्हणजे स्टँप पॅडवर, जाऊन आदळला आणि तू म्हणालीस, "शाई! आत्ताच धुतली होती मी!" तेव्हा आपण दोघं हसलो. तू सुटलीस म्हणून हसत होतीस. मी कशासाठी हसत होतो ते मला माहीत नाही.

जी दोन बोटं अजून हलत नाहीत त्यांना ती पाच मिनिटं लागली असतील का, एवढं डॉक्टरांना विचार. माझं नाव सांगितलंस तरी चालेल. उत्तर दिलं नाहीस तरी समजेन. पडदा मात्र परत पाठव, तो मापाचा आहे आणि गिऱ्हाईक थांबलंय.

भाऊ

---

दिनांक १९ फेब्रुवारी

ताई,

पिवळा पडदा नऊ दिवसांनी आला. नऊ दिवसांत मी तीन खिडक्यांची मापं चुकवली. काकूंनी मला ताप आहे का म्हणून दोनदा हात लावून पाहिलं. पडदा गाडीतून उतरला तेव्हा गाडीवाले काका म्हणाले, "तुझ्या बहिणीने सांगितलंय, हा त्यालाच द्या, दुसऱ्या कुणाला दिलात तर बघा." मी तो घेऊन माळ्यावर गेलो आणि शिवण उसवायला घेतली. तू काय टाके घातलेस गं! दोऱ्याचा नुसता गुंता होता. पण ते उजव्या हाताने घातले होते, हे मला पहिल्या टाक्यालाच कळलं.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. तरी उतरवून ठेवतो, कारण तू लिहिलेलं तू विसरतेस.

"अरे शहाण्या, तू पाच मिनिटं मोजलीस. मी किती मोजली ते विचारलंस का? हात अडकला १२:४० ला. तू बोळात होतास, वीस पावलांवर. मी एक हाक मारली असती तर तू आला असतास. मी मारली नाही. तू दारात येईपर्यंतची आठ मिनिटं तर पुरती माझी आहेत. का नाही मारली, ऐक. गेली तीन वर्षं मी एखाद्या खोलीतून निघते आणि मागून तू ती खोली अशी करतोस की मी तिथे नव्हतेच. मी काय सांडलं, काय पाडलं, मला कधी कळतच नाही. मास्तर म्हणतात, चावीचं काम किती स्वच्छ! स्वच्छ तू करतोस आणि नाव माझं होतं, हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. तू आत आलास की पहिली नजर मी बिघडवलेल्या वस्तूवर जाते तुझी. त्या दिवशी ती बिघडलेली वस्तू मी होते. तुझ्यासमोर तशी उभी राहण्यापेक्षा हात गेला तरी चालेल असं वाटलं मला. म्हणून टेबल आवरत होते. निदान टेबल तरी तुला नीट सापडावं. आणि तो पेपरवेट तसाच असतो! तुला काय कळतंय!"

पेपरवेट तसा नसतो. चपटी बाजू खाली असते. एवढं सोडलं तर बाकी तुझं सगळं मान्य.

डॉक्टरांनी सांगितलेलं तू अगदी शेवटी, सहीखाली लिहिलंस. हे असं कोण लिहितं? ते म्हणाले, पाच मिनिटांनी काही बिघडलं नाही, सूज उतरली की चौथं आणि पाचवंही हलेल. आणि तू कंसात टाकलंस की चौथं काल हललं. मी ते वाचून माळ्यावर मोठ्याने ओरडलो. काकू खालून म्हणाल्या, "उंदीर आहे का रे?" मी म्हटलं, "नाही, मी आहे."

त्याच पावली वरच्या खोलीत गेलो, मास्तरांपुढे जबाबाची वही उघडली आणि १२:५३ हा आकडा खोटा आहे असं सांगितलं.

"खोटं मिनिट लिहिलंस?" त्यांनी चष्मा काढला.

"हो."

"किती?"

"पाच."

"कशासाठी?"

मी सांगितलं. पेपरवेटसकट सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "महिनाभर बाहेरचं काम बंद. खाली बसून दुमडी घाल. आणि ही ओळ खोडून खरी लिही." मी लाल पेन्सिलीने खोडली आणि '१२:४८ ला दारात, १२:५३ ला आत' असं लिहिलं. 'विशेष'च्या रकान्यापाशी सवयीने 'काही ना' एवढं लिहून झालं होतं, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "माणसावर चालतं की नाही हे जगात कुणाला माहीत नव्हतं. तुला माहीत झालं. आणि तू 'काही नाही' लिहितोस, गाढवा?"

मग मी तो रकाना भरला. फार लिहिलं नाही. 'हात परत आला.'

शिक्षा आजच सुरू झाली. काकूंनी त्यांच्या मशीनशेजारी स्टूल सरकवलं आणि म्हणाल्या, "बस इथे. आता तरी दिसशील." माझे टाके त्यांना आवडले. खाली बसायला इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. नऊ दिवसांनी आज मला भूक लागली.

कपाटात हात जातो का ते अजून पाहिलं नाहीस, घाई नाही, असं लिहिलंस. बरोबर आहे. नाही गेला तरी आपण खरोखरचे पडदे लावू, तू शिडीवर चढ, मी शिडी धरतो. गेला तर पुढच्या वेळी हाक मार. आणि मी टेपची वाट बघत बसणार नाही.

नखाच्या कडेची जांभळी शाई पाच वेळा धुऊनही जात नाही म्हणून मला शिव्या घातल्यास. मी ऐकून घेतो. पण ताई, ती सहाव्यांदा धुऊ नकोस. थोडे दिवस राहू दे. मी कुठे होतो हे दाखवणारी तेवढी एकच खूण आहे.

तुझ्या मागून येणारा, पण १२:४८ लाच पोचलेला,
तुझा धाकटा