डनरॉक स्ट्रीट आणि जयवंतपूर

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

अकरा दारं वाजवली, सह्या तीन. पायांचे तुकडे पडले. ग्लासगोतल्या आमच्या डनरॉक स्ट्रीटला ज्याचं नाव आहे, त्या डनरॉकचे जमैकात उसाचे मळे होते. मळ्यांवर दोनशे गुलाम. नाव बदला म्हणून धम्मशीला कौन्सिलला अर्ज देतेय, मी तिच्यासोबत फिरतो. चौदा नंबरची म्हातारी म्हणाली, मेला तो, सोडा आता. मी काहीतरी बोललोच. धम्मशीलानं बाही धरून मला जिन्यावरून खाली ओढलं.

बाही धरली! बाकी दिवस फुकट.

५ फेब्रुवारी

बाबांनी सही केली नाही. दिवसभर पेशंट बघून आलेले. "कॉलेज अर्धवट सोडलंस, आता ग्लासगोला शिकवतोयस?" दार आपटलं मी. मग गार झालेलं जेवलो.

९ फेब्रुवारी, रविवार

धम्मशीलाकडे जेवायला, पहिल्यांदाच. तिच्या वडिलांनी, काशीनाथकाकांनी, आपल्याकडचा पहिला प्रश्न विचारला — "गाव कोणतं तुझं?" मी ऐटीत सांगितलं, जयवंतपूर. माझ्या पणजोबांच्याच नावाचं.

काका वाढता वाढता थांबले. त्यांची आजी जयवंतरावांच्या वेठीला होती म्हणाले. दिवसभर राबायचं, मजुरी नाही, वर चाबूक. मग माझ्या ताटात भाकरी वाढली. "जेव. तू कुठं होतास तेव्हा?"

भाकरीचा नुसता चुरा करत बसलो.

खाली सोडायला आली तेव्हा धम्मशीला म्हणाली, "तुमच्या घरच्यांनीच लिहिलं तर पंचायत गावाचं नाव बदलायचा ठराव करेल. लिहिशील?" हो म्हणालो. तिला मी कशालाही हो म्हणतो.

१० फेब्रुवारी

चार ओळींचा अर्ज लिहिला. शाळेत गोरी पोरं चिडवायची तेव्हा मी एकच सांगायचो — तुमच्या नावाचं गाव आहे का? आमच्या नावाचं आहे. उगाच आठवलं. दमलोय.

१३ फेब्रुवारी

बाबांना सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. "मला पोहायला जयवंतआजोबांनीच शिकवलं रे," एवढंच म्हणाले.

१६ फेब्रुवारी

आज बाबांनी डनरॉकच्या फॉर्मवर आपणहून सही केली. "ही सोपी होती. तुझी झाली?"

धम्मशीलाला मी मंगळवारीच सांगून टाकलंय, अर्ज पाठवला म्हणून. तिनं माझा हात हातात घेतला होता.

अर्ज जॅकेटच्या आतल्या खिशात आहे. सहीची जागा कोरी.