नऊ तारखेचा गुलाब

बालाघाट, सोमवार, २४ ऑगस्ट

साडूभाऊ हेमराजजी यांना प्रेमलालचा मनापासून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. विमलाबाईंचा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, चढताना नाही (हे डॉक्टरांनाही कळलेलं नाही). गीताताईंची तब्येत आणि तुमसरच्या अंगणातलं पेरूचं झाड कसं आहे? हे पत्र आपल्या मेलिंग लिस्टवरच टाकतो आहे. एकाने लिहिलं की सगळ्यांना पोचतं, ही तिची सोय. आणि सगळे म्हणजे आता तुम्ही आणि मीच, त्यामुळे खासगीही राहतं. 'दोघांपुरती लिस्ट कशाला चालवायची, एकतीस तारखेला बंद करतो,' असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून फार वाईट वाटलं. जुन्या संगणकांची दुखणी आपण वीस वर्षं तिथेच काढली.

दरम्यान माझ्या हातून एक पाप घडलं. लेक अपेक्षाने मला 'आपले जुने संगणक' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपात घातलं. दोनशे बारा माणसं! मी आपला लिस्टच्याच रीतीने वागलो: पहिल्या तारखेपासून क्रमाने वाचायचं, समोरच्याचं वाक्य वर ठेवून खाली उत्तर लिहायचं, शेवटी नाव-गाव, आणि कोणालाही उत्तराविना ठेवायचं नाही. सुप्रभातवाल्यांनासुद्धा (रोजचे चौतीस गुलाब). साहजिकच मागे पडलो. बिरसा गावच्या एका गृहस्थाने दोन तारखेला विचारलं होतं, लाईट गेली का तिकडे? मी तेरा तारखेला कळवलं की गेली होती, पण आली. शेवटी ग्रुपचा ॲडमिन कुशल भरवेलीहून मोटारसायकलने घरी आला आणि हात जोडून म्हणाला, "अंकल, ग्रुप में इतना कोई पढ़ता नहीं है." विमलाबाई आतून कडाडल्या, "काहून रे, लिहिलं हाय त वाचाले नको का?" लग्नानंतर पहिल्यांदाच त्या माझ्या बाजूने बोलल्या. मी दोन दिवस खुशीत होतो.

आणि पाच तारखेच्या गुलाबांखाली मला एक खरा प्रश्न सापडला. मलाजखंडचे दुलीचंद विचारत होते, फ्लॉपी ड्राइव्हचा रबरी पट्टा वितळून चिकटलाय, काय करू? आपण दोघांनी हेच दुखणं टेपरेकॉर्डरचा पट्टा घालून बरं केलं होतं, आठवतं? मी वीस तारखेला सविस्तर लिहिलं. पाच मिनिटांत फोन. "भाऊ, एवढ्या गुलाबाइत माहा सवाल तुमाले दिसला कसा? पंधरा दिवस झाले, कोनी हौ म्हनलं नाही न नाही म्हनलं नाही!" काल रविवारी ते मशीन पोत्यात बांधून बसने आले. पट्टा बसला, फ्लॉपी फिरली, पडद्यावर अक्षरं उमटली, आणि तो साठीचा माणूस माझ्या पलंगावर बसून रडला. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

गीताताईंना नमस्कार सांगा, आणि फ्लॉप्यांना ओल लागू देऊ नका.

तुमचा,
प्रेमलाल, बालाघाट

ता. क. दुलीचंदना लिस्टवर घ्या. तिघे झालो की बंद करायचं कारणच उरत नाही.

ता. क. दुसरा : वाचत वाचत मी आज सकाळी नऊ तारखेवर पोचलो. सहा वाजून दहा मिनिटं, लाल गुलाब, 'आपला दिवस मंगलमय जावो', पाठवणारे हेमराज, तुमसर. 'असल्या ग्रुपात मी मेलो तरी पाय ठेवणार नाही,' असं गेल्या वर्षी मला लिहिणारे हेच ना? उत्तर देणं भाग आहे. रीतीप्रमाणे तुमची दोन्ही वाक्यं वर ठेवून खाली लिहीन. लिस्ट चालू राहिली तर लिस्टवर, बंद झाली तर ग्रुपवर.