बिनफीचा दावा

३ मार्च २०२५
आज कोर्टात जाऊन आले — मी! खुलताबाद रोडच्या आमच्या प्लॉटवर शेजारच्या प्लॉटवाल्या इंद्रजीतनं पत्र्याचं शेड ठोकलंय. ताबा मिळवायच्या दाव्याची फी किती ते वकिलानं सांगितलं, तर ह्यांचं तोंडच उतरलं. मग कुणाकडून तरी कळलं — बाईला सरकारतर्फे वकील फुकट मिळतो, कोर्टाची फीपण भरावी लागत नाय. हे म्हणाले, "प्लॉट तुझ्याच नावावर हाय, तूच दावा लाव. बाकी मी बघतो."
अर्जावर सही केली.

१० मार्च
वकीलबाई तरुण हायत. करुणाताई. ह्यांना बाहेर बसवलं नि मला विचारलं, "प्लॉटचे पैसे कुणाचे?"
माझे. वाळूजच्या कंपनीत बारा वर्षं पॅकिंगला उभी राहिले, त्या फंडाचे.
"मग माझ्या पक्षकार तुम्ही. ते नाहीत."
असं मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

२४ मार्च
दावा दाखल झाला. एक रुपया लागला नाय! ह्यांनी जिलेबी आणली.

२ एप्रिल
दुपारी इंद्रजीतची दोन माणसं आली. हे कामावर. एकजण दारात उभा राहून हसला — "वहिनी, कागदावर नाव तुमचं हाय, मालकांचं, काकासाहेबांचं नाय. म्हणून तुम्हालाच भेटायला आलो." दुसरा म्हणाला, "पोरीचा विचार करा." श्रेयाच्या शाळेचं नाव घेतलं त्यानं. वर्गसुद्धा!
कडी लावली नि तिथंच खाली बसले.
संध्याकाळी ह्यांना सांगितलं. "काय करत नाय ते. घाबरट हायस तू."

३ एप्रिल
श्रेयाला शाळेत पाठवलं नाय.

७ एप्रिल
पाठवावंच लागलं, परीक्षा. गारखेड्याच्या शाळेच्या फाटकाशी सुटेपर्यंत उभी होते. गाडी थांबली की आत कोण ते बघायचे.

१७ एप्रिल
मिटलं म्हणे! हे परस्पर इंद्रजीतला भेटून आले. प्लॉट तो घेणार, पैसे ह्यांना देणार. विसार घेतलाबी.
मी म्हणाले, मला विचारायचं तरी.
"तुला काय विचारायचं? फी वाचावी म्हणून तुझं नाव टाकलं. सोमवारी दावा मागं घ्यायची सही कर, मग खरेदीखतावर."
मग हे दाराला पाठ लावून उभे राहिले, हळू आवाजात म्हणाले, "पोरीचा विचार कर."
तेच शब्द! इतके दिवस बाहेरच्यांना भ्यायचे. आता घरातच — पुढं लिहवत नाय.

२१ एप्रिल
हे इंद्रजीतच्या शेजारी बसले होते. एकाच बाकावर. जजबाईंनी विचारलं, "दावा मागे घेताय, तो स्वखुशीने?" करुणाताई नुसत्या माझ्याकडं बघत होत्या.
"नाय," म्हणाले. "प्लॉट माझा हाय. दावा चालवायचाय."
हे लिहितेय खुलताबादला, कडूबाईमावशीकडं. श्रेया शेजारी झोपलीय. मी घरी परत गेले नाय.