महाडची गाडी अख्खी पोचली, अण्णा

तीर्थरूप अण्णा,

आज सकाळी गोदामात एक नवे कंत्राटदार आले. छताला लावायच्या प्लास्टरच्या पट्ट्या आणि फुलं त्यांना घाऊक हवी होती. इकडेतिकडे बघत म्हणाले, "शेठ कुठे आहेत?" मी म्हटलं, "बोला ना, मीच." मी बोलून गेले आणि एकदम तुमची आठवण आली. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. सासऱ्यांना पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती, एकाच घरात तर राहत होतो! आज लिहावंसं वाटलं.

तुमचा पाय मोडला ते दिवस आठवतात? शिडीवरून पडलात आणि मांडीपर्यंत प्लास्टर. भेटायला येईल त्याला सांगायचात, "आयुष्यभर प्लास्टर विकलं, आता अंगावर घालून फिरतोय." फिरत कुठे होतात? पलंगावरून हुकूम सोडत होतात!

नेमकी तेव्हाच महाडच्या मंगल कार्यालयाची ऑर्डर होती. पनवेलहून लांबचा रस्ता. दोनदा माल पाठवला आणि दोन्ही वेळा निम्मा फुटून पोचला. मालक फोनवर म्हणाले, "पहिलं लग्न तोंडावर आलंय. या खेपेला फुटलं तर मुंबईहून मागवतो." पेणपासून महाडपर्यंत आपलं नाव खराब झालं असतं. तुमचे चिरंजीव बँकेत, त्यांना रजा नाही. मी म्हटलं, "मी बघते." तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. "ट्रकवाल्यांशी हुज्जत घालणं तुझं काम नाही, मीना." किती राग आला होता हो!

मी गोदामात गेलेच. ट्रकमध्ये पेंढ्यावर आडव्या रचलेल्या पट्ट्या बघत नुसती उभी राहिले. आपल्या हिराबाई, वाडीवरून चालत येऊन इतकी वर्षं माल बांधणाऱ्या, हळूच म्हणाल्या, "वयनी, आडवी नको ठेवू. खालचीवर समदा भार येतो. आमी भट्टीवर कौलं उभी भरायचो. उभी भर, नाय फुटणार."

"मग अण्णांना का नाही सांगितलंत?"

"शेटनी कवा इचारलाच नाय."

हे वाक्य मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. रागावू नका. विचारलं तर मीही नव्हतं.

सगळा माल उतरवून पुन्हा भरला, उभा. ड्रायव्हर कुरकुरला, तरी मी त्याच्या शेजारी केबिनमध्ये चढले आणि हिराबाईंनाही घेतलं. पळस्प्याच्या पुढे खड्डा आला की आम्ही दोघी एकमेकींचा हात घट्ट धरायचो. आणि तुम्हाला काय सांगून निघाले होते? 'तुमच्या पद्धतीनंच भरलंय.' धडधडीत खोटं! त्याची चुटपुट अजून लागते.

महाडच्या एसटीडी बूथवरून फोन केला. तुमचा पहिला प्रश्न, "किती फुटलं?"

"एक फूल. तेही उतरवताना माझ्याच हातून. आनंदात भानच राहिलं नाही."

मग, "कसं भरलंस?" सांगितलं. "सुचवलं कुणी?" तेही सांगितलं.

पाय बरा झाल्यावर काठी टेकत गोदामात आलात ते थेट हिराबाईंसमोर. "मला दाखवा बरं, कसं भरता." गोदामाचे मालक तुम्ही, आणि तासभर स्टुलावर बसून शिकलात! मला मात्र शाबासकी दिली नाहीत हं. फक्त त्यानंतर कुणाचा फोन आला की म्हणायचात, "मालाचं मीनाला विचारा." तीच शाबासकी होती, हे मला फार उशिरा कळलं.

धंदा छान चाललाय. खारघरला इमारती उठतायत, महाडवाले अजून आपल्याकडूनच नेतात.

एक राहिलंच. हिराबाईंच्या लेकीनं वाडीवर स्लॅबची खोली बांधलीय. काल निघताना त्या दारात घुटमळल्या. "वयनी, एक फूल देशील? टवका उडालेला चालंल."

किती लोकांच्या छतांना फुलं पोचवली त्या बाईनं, अण्णा! आणि स्वतःसाठी मागितलं ते टवका उडालेलं!

रविवारी कारागिराला घेऊन मी स्वतः वाडीवर जाणार आहे. आपल्याकडचं सगळ्यात मोठं कमळ नेणार, कोरं करकरीत. ते त्या खोलीच्या छताला मधोमध बसल्याशिवाय मी पनवेलला परतणार नाही, हा माझा तुम्हाला शब्द.

तुमची सून,
मीना