घळीतली फळ्यांची वाट

आई, सगळ्यांत आधी आल्या त्या पाया लेबार भागात राहणाऱ्या बाई, माझ्या सुनेच्या ऑफिसातल्या. चारला बोलावलं होतं, ह्या साडेतीनलाच दारात. माझी खिचडी अजून परतायची होती. बरोबर त्यांच्या सासूबाई, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. आमच्या युरोपच्या ट्रिपचे फोटो बघायचे होते, कारण जूनच्या सुट्टीत तेही आल्प्सला जाणार. पण सासूबाईंना इथेच कुणाकडे तरी ठेवून. "त्यांना नाही हो झेपायचं, मावशी," हे त्यांच्या तोंडावर! बिचाऱ्या बोटातली अंगठी फिरवत बसल्या. खिचडीला मात्र छान म्हणाल्या, दोनदा घेतली.

तर त्या फोटोंतली आल्प्समधली घळ. तुला कशी सांगू? दोन्हीकडे उभे कडे, वर आभाळाची चिंधी, खाली बर्फाचं पाणी, दुधात राख कालवल्यासारखं, आणि आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. कड्यात लोखंड ठोकून त्यावर फळ्या टाकल्यात, तीच वाट. बघायला ही गर्दी! म्हाताऱ्या गोऱ्या बाया काठ्या टेकत चालल्यात, बाळं पाठीवर बांधलेले बाप चाललेत. मी साडी वर खोचलेली, अंगात मुलाचा स्वेटर, पायात नातीचे कॅनव्हासचे बूट. थोडं चालते, आणि फळ्यांच्या फटीतून खालचं पाणी दिसतं. झालं. मधोमध बसकण मारली. मागे रांग खोळंबली. मुलगा म्हणतो, "आई, फिरूया का मागे?" नात तिच्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणते, "आजी, यू कॅन, लाह!" आणि मला शाळेच्या वाटेवरचा आपल्या ओढ्याचा साकव दिसला, दोन पोफळी टाकलेला, त्यावर बसलेली मी, आणि पुढे जाऊन मागे वळलेली तू. "ऊठ. पाण्याकडे काय बघतेस, माझ्या पाठीकडे बघ." केवढी ओरडली होतीस! मी नातीला म्हटलं, तू हो पुढे. तिच्या लाल पिशवीवर डोळे लावले आणि उठले. पार टोकाच्या धबधब्यापर्यंत गेले, आई. तोंडावर तुषार घेतले, लहान पोरीसारखी हसले. मग कळलं, परतीची वाटही तीच.

फोटोत यातलं काही नाही. फोटोत मी कठडा धरून हसतेय. मुलगा पाहुण्यांना सांगत होता, "आमची आई कशी ठणठणीत चालली!" तशी सासूबाई आणखीच आक्रसल्या. म्हणाल्या, "तुम्ही धीट हो. मी तर जिना उतरतानाही भिंत धरते." मला राहवलं नाही. म्हटलं, "कसली धीट! बसले होते मधेच, सगळ्यांची वाट अडवून." आणि मग आजवर कुणाला न सांगितलेलंही सांगून टाकलं, की दुसरीत शाळा सोडली ती साकवाच्या भीतीने. मुलगा बघतच राहिला. सासूबाईंनी अंगठी फिरवायची थांबवली. आपल्या सुनेला म्हणाल्या, "माझंही तिकीट काढ."

"अहो आई, गुडघे?"

"ह्या बसल्या, तशी मीही बसेन. मग उठेन."

जाताना पायांत चपला घालता घालता त्यांच्या सुनेनं मला हळूच विचारलं, "बूट कुठले घेतलेत, मावशी?"

आई, शाळा सोडताना तुला मी सांगितलं होतं, मास्तर मारतात. तू पदर खोचून शाळेत गेलीस, त्यांना चारचौघांत बोललीस. त्यांनी मला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. ही गोष्ट आधी तुझ्या कानावर जायला हवी होती. गेली परक्या बाईच्या. हे पत्र काही तुझ्यापर्यंत पोचत नाही, नातीच्या वहीतच राहणार, म्हणून लिहायचा धीर झाला. आमच्या इमारतीसमोर रस्त्यावरून पलीकडे जायचा पूल आहे, चांगला उंच, दोन्हीकडे जिने. सासूबाईंना त्यावर चालायची सवय करून द्यायची ठरलंय. सुनेला घेऊन रविवारी सकाळी सातला येते म्हणाल्यात.