आतली कडी

सोमवार, ९ जून

महाराणीनं आज मला बाहेर काढलं! शाळेच्या बाथरूममध्ये वॉकर भिंतीशी लावला, आधाराचा दांडा धरून ती कमोडवर बसली, आणि मी नेहमीसारखी समोर उभी. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग एकेक अक्षर ओढून काढत म्हणाली, "ताई... जा. दा...र."

बाहेर आले, दार ओढून घेतलं. ते आपोआप पुन्हा उघडलं. आतून कडीच नाही! आमच्या शाळेत एकाही बाथरूमला आतून कडी नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी. मी इथली ऑक्युपेशनल थेरपिस्ट. चमचा धरायला, बटण लावायला, चेन ओढायला शिकवत आले. पण दार लावणं? ते कधी डोक्यातच आलं नाही.

सोळा वर्षांची आहे पोरगी. जन्मापासून अंग ताठर, उजवा अंगठा मुठीत मिटलेला. डोकं मात्र लख्ख. आणि तोरा असा, की महाराणी हे नाव आपसूक पडलं.

मंगळवार, १० जून

माझ्या लेकीच्या खोलीत न विचारता गेले. "आई, दार वाजवून येत जा ना!" — आणि धाडकन दार आपटलं. एरवी मी तोंडसुख घेतलं असतं. आज हसूच आलं. तिला वाटलं, मी टिंगल करतेय. पुन्हा आपटलं.

गुरुवार, १२ जून

महाराणीच्या आईशी बोलले. बाई सतत घाईत. खुर्चीतही अर्धीच टेकते, जणू कुणी हाक मारणारच आहे.

"कडी? आतून? आणि पडली म्हणजे?"

बाहेरून उघडता येईल अशी बसवू, म्हटलं.

"मॅडम, तुम्ही संध्याकाळी घरी जाता. तिला उचलायचं मला असतं." मग आवाज खाली गेला. "मी आई आहे तिची. माझ्यापासून काय लपवायचंय तिला?"

"लपवायचं काहीच नसतं हो. तरी दार लावावंसं वाटतं."

तिनं पर्स उचलली. दारात वळून म्हणाली, "शाळेत काय ते करा. माझ्या घरात कडी लागणार नाही."

मला तिचा राग आला. रागावण्याचा मला काय हक्क, हेही कळत होतं. तरी आला.

सोमवार, १६ जून

मोठ्या बाईंची परवानगी काढली. मुख्याध्यापिका असल्या तरी त्यांना 'नाही' म्हणायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात मी सुतारकाकांना बोलावून मोकळी! कडी बसली. बाहेरच्या बाजूला खाच — स्क्रू-ड्रायव्हर फिरवला की उघडते. तसलीच एक कडी फळीवर ठोकून घेतली, सरावाला.

बुधवार, १८ जून

अंगठा हट्टी. मुलगी त्याहून हट्टी.

मंगळवार, २४ जून

आठवडाभर मी त्या अंगठ्याच्या मागे. हात गरम पाण्यात धरायचा, मनगट हलकेच सैल करायचं, चिमटीत कडी द्यायची. सुटली. पुन्हा. सुटली. आज तिनं फळीच ढकलून दिली. माझ्या पायावर!

पाय चोळता चोळता अक्कल आली. चिमूट हवीच कशाला? कडीला लांब लाकडी मूठ लावली, तर तळव्यानं ढकलता येईल. अंगठा गेला उडत! सुतारकाका म्हणाले, "हे आधी सांगितलं असतं, तर माझी एक फेरी वाचली असती." खरं आहे.

शुक्रवार, २७ जून

सरकली! खट्ट आवाज झाला आणि आम्ही दोघी किंचाळलो. शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या.

गुरुवार, ३ जुलै

आज काय झालं, ते नीट लिहून ठेवते.

शाळा सुटायच्या सुमारास महाराणी बाथरूममध्ये गेली. खट्ट. कडी लागली. मी बाहेर. बराच वेळ झाला, बाहेर येईना. मोठ्या बाई आल्या. "उघडा आधी!" माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर. तेवढ्यात तिला न्यायला आई आली. चेहरा पांढराफटक.

मी विचारलं, "पडलीस का गं?"

"ना...ही."

"कडी अडकली?"

"ना...ही."

"मग काय करतेयस?"

"ब...सलेय."

आईनं माझ्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर ओढून घेतला. मी म्हटलं, "ती बरी आहे. तिला थोडा वेळ हवाय, इतकंच." ऐकलं नाही. खाचेत टोक घातलं. आणि तेव्हाच आतून आवाज आला — बेसूर, थांबत थांबत, शब्द नसलेला. सूर धरायची धडपड.

आईचा हात तसाच राहिला. "ही... गाते?"

कुणाला ठाऊक होतं! कुणासमोर गायलीच नसेल कधी. आणि कुणी समोर नाही, असं तिच्या वाट्याला आलंच कधी?

आई तिथंच, त्या ओल्या फरशीवर बसली. मोठ्या बाई परत फिरल्या. गाणं संपलं. कडी सरकली. महाराणी बाहेर आली, आम्हा दोघींकडे असं पाहिलं, जणू आम्हीच उशीर केलाय.

आई तिला घेऊन गेली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

सोमवार, ७ जुलै

महाराणी आली नाही.

बुधवार, ९ जुलै

आजही नाही. फोन उचलत नाहीत. मोठ्या बाई म्हणाल्या, "पालकांच्या मनाविरुद्ध फार ताणू नये." कडी काढायची का, तेही विचारलं. दोन दिवस थांबा म्हटलं.

सारखं वाटतंय — दार मुलीसाठी मागितलं, पण आईच्या भीतीसाठी मी काय केलं? ती भीती उगाच नव्हती. सोळा वर्षं ती एकटी पेलतेय. मी आपली येऊन शहाणपण सांगून मोकळी!

शुक्रवार, ११ जुलै

महाराणीच्या आईचा फोन. घरी कडी बसवलीय, बाहेरून उघडणारी. बाईचा आवाज ओळखू येईना.

"मॅडम, ती जन्मल्यापासून मी दार उघडं ठेवून आंघोळ करते. तिनं हाक मारली आणि ऐकू आली नाही तर, म्हणून. आज सकाळी तिचं आवरून झालं. बाहेर आली, माझा टॉवेल माझ्या अंगावर टाकला आणि म्हणाली — आ...ता तू."