दोन चमचे वरण

१२ ऑगस्ट, मंगळवार. डोंबिवली

ठाण्याच्या डॉक्टरांनी आज मीराला, माझ्या मोठीला, रोज दोन चमचे वरण चालेल म्हणून सांगितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. धाकट्या ओवीला मात्र नाहीच.

डाळीतलं प्रोटीन दोघींनाही झेपत नाही, जास्त झालं तर मेंदूला धोका. बिघडलेलं जनुक दोघींचं एकच. पण ते एकटं नसतं म्हणे, आजूबाजूची जनुकं एखाद्याला सावरून घेतात, एखाद्याला नाही. मग ओवीला का नाही सावरलं?

जेवताना ओवी म्हणाली, "आई, आमचं दोघींचं सेमच आहे ना?" मी हं म्हणत तिचा भात वजनकाट्यावर ठेवला. किती वर्षं मनात आहे, वजनकाटा न काढता एकदा वरणभात कालवावा आणि एकाच ताटातून दोघींना भरवावा.

मीराने वाटीतले दोन चमचे खाल्ले, ओवीकडे बघितलं. "काही खास नाही गं, पाणचट लागतं." मग ओवी तिचा मोजलेला भात निमूट जेवली.

आत्ता भांडी घासायला घेतली, तर मीराची वाटी बोटाने चाटून लख्ख केलेली.